स्क्रू कॉम्प्रेसरचा दाब आणि हवेचा पुरवठा कसा जुळवावा

एखाद्या मशिनला हवा कमी पडते अशी तक्रार आली की मेंटेनन्सचा माणूस बहुतेक वेळा थेट कॉम्प्रेसर रूम गाठतो आणि पॅनेलवरचा दाब अर्ध्या बारने वाढवून येतो. तक्रार तेवढ्यापुरती मिटते, मशिन चालू लागते, आणि वाढवलेला दाब खाली आणण्याची आठवण मात्र पुन्हा कोणालाही होत नाही. अशा तीन तक्रारींनंतर साडेसहा बारवर उत्तम चालणारा कारखाना आठ बारवर जाऊन बसतो, वीजबिल वाढते, आणि ज्या मशिनसाठी हे सारे झाले तिची मूळ अडचण तशीच राहते. भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक वसाहतींमधील मध्यम आकाराच्या मशिन शॉपमध्ये सर्रास आढळणारा २२ किलोवॉटचा, म्हणजे ३० एचपीचा, स्क्रू कॉम्प्रेसर (दोन मळसूत्री रोटरमध्ये तेल सोडून हवा दाबणारे यंत्र) समोर ठेवून, त्याचा दाब आणि हवेचा पुरवठा नेमका कशाने ठरतो आणि तो पद्धतशीर कसा जुळवावा, हे येथे मांडले आहे.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. ठरावीक वेगाने फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसर दर मिनिटाला जवळजवळ तेवढीच हवा ओढतो आणि पुढे ढकलतो. आपल्या उदाहरणातील यंत्र सात बारला मिनिटाला सुमारे ३.५ घनमीटर, म्हणजे साधारण १२४ सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट), मोकळी हवा (वातावरणाच्या दाबाला मोजलेली) देते असे धरू. लाइनमधील दाब किती राहील, हे या पुरवठ्यातून कारखान्याचा वापर वजा जाता काय उरते त्यावर ठरते. रिसीव्हर (हवा साठवणारी टाकी) १ घनमीटरचा, म्हणजे हजार लिटरचा, असेल तर त्यात १ बार दाब वाढण्यासाठी साधारण १ घनमीटर मोकळी हवा लागते. त्यामुळे वापर मिनिटाला २.५ घनमीटर असेल, तर उरलेल्या १ घनमीटरने रिसीव्हरचा दाब मिनिटाला १ बारने चढत जाईल, वापर ४.५ घनमीटर झाला, तर त्याच गतीने तो उतरत जाईल, मग पॅनेलवर कोणताही आकडा लावलेला असो. पुरवठाच अपुरा असेल तर सेटिंग वाढवून दाब वाढत नाही. दाबाचे नियंत्रण म्हणजे खरे तर पुरवठा वापराशी जुळवून घेण्याचे नियंत्रण आहे, आणि पुढील सगळ्या पद्धती हे एकच काम वेगवेगळ्या मार्गांनी करतात.

अनलोड होताना आत काय घडते

आपल्याकडील बहुसंख्य स्क्रू कॉम्प्रेसर लोड-अनलोड पद्धतीने चालतात (लोड म्हणजे हवा भरणे, अनलोड म्हणजे मोटर फिरत असताना हवा देणे थांबवणे), म्हणून ही पद्धत बारकाईने पाहणे योग्य ठरेल. समजा लोड दाब ६.४ बार आणि अनलोड दाब ७.० बार असा लावला आहे. दाब ७.० बारला पोहोचल्याचे सेन्सरने कळवताच कंट्रोलर सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणाऱ्या) व्हॉल्व्हची स्थिती बदलतो. त्यामुळे हवा आत घेणारा सक्शन व्हॉल्व्ह बंद होतो आणि त्याच वेळी ब्लोडाउनची, म्हणजे दाब सोडण्याची, वाट उघडते. सेपरेटर टाकीत (हवेतील तेल वेगळे करणाऱ्या टाकीत) साठलेली दाबाची हवा या वाटेने सक्शनकडे किंवा सायलेन्सरमधून बाहेर सुटते. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला तो फुस्स आवाज स्पष्ट ऐकू येतो. टाकीच्या डोक्यावर बसवलेला मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह याच क्षणी बंद होऊन लाइनमधील हवा मागे येऊ देत नाही. मोटर मात्र पूर्ण वेगाने फिरतच राहते.

सेपरेटर टाकीतील दाब येथे एकदम शून्यावर आणला जात नाही, आणि त्यामागे कारण आहे. बहुतेक यंत्रांत तेल फिरवण्यासाठी वेगळा पंप नसतो. टाकीतील हवेचा दाबच तेलाला कूलर आणि फिल्टरमधून रोटरपर्यंत ढकलतो. म्हणून सक्शन व्हॉल्व्हमधून थोडीशी हवा आत जाऊ दिली जाते आणि टाकीत दीड ते अडीच बारच्या आसपास दाब राखला जातो. शिवाय ७ बारवरून २ बारवर येण्याची क्रिया मुद्दाम संथ ठेवलेली असते, कारण दाब झटकन उतरला तर तेल फेसाळून सेपरेटर एलिमेंटमध्ये शिरते आणि पुढे हवेबरोबर लाइनमध्ये जाते. हे उतरणे यंत्रानुसार अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत चालते.

वीजबिलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नेमका याच अर्ध्या-एक मिनिटात दडलेला आहे. पूर्ण अनलोड झालेले यंत्र पूर्ण भाराच्या साधारण २५ ते ३५ टक्के वीज घेते, असे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ते खरेही असते. पण टाकीतील दाब खाली आल्यानंतरच. दाब उतरत असतानाच यंत्र पुन्हा लोड झाले, तर ती कमी विजेची अवस्था कधी येतच नाही. तपासण्यासाठी नुसता क्लॅम्प मीटर लावून अँपिअर पाहू नयेत. कमी भाराला मोटरचा पॉवर फॅक्टर घसरतो, त्यामुळे अँपिअर जेवढे दिसतात त्या मानाने प्रत्यक्ष वीज कमी असते. किलोवॉट दाखवणारा मीटर लावावा आणि अनलोड झाल्यापासून दर दहा सेकंदांनी आकडा टिपावा. आपल्या यंत्राला किती वेळ लागतो ते एका फेरीतच समजते.

सेटिंगला हात लावण्यापूर्वीची मोजणी

कोणताही दाब बदलण्याआधी तीन ठिकाणचे आकडे हाती असावेत: रिसीव्हरवर, ड्रायर (हवेतील ओलावा काढणारे यंत्र) आणि फिल्टरच्या पुढे, आणि सर्वांत दूरच्या किंवा सर्वांत नाजूक मशिनच्या एफआरएलनंतर (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर संचानंतर). तिन्ही ठिकाणी एकच खात्रीचा गेज फिरवून लावणे उत्तम, कारण वर्षानुवर्षे थरथरणारे तीन वेगवेगळे गेज तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. मोजणी कारखाना पूर्ण जोमात असताना करावी. मशिनजवळचा गेज वाचताना ते मशिन हवा घेत असले पाहिजे. सिलेंडर सरकत असताना किंवा एअर गन दाबलेली असताना सुई किती खाली जाते तेच पाहायचे आहे. हवा वाहत नसताना पाइपमध्ये दाबाची घट होत नाही, आणि म्हणून मशिन थांबलेले असताना सगळीकडे एकसारखा छान दाब दिसतो.

आता खालून वर हिशेब मांडावा. समजा सीएनसी मशिनच्या पुस्तिकेत ५.५ बार मागितला आहे. एफआरएल आणि ट्यूबमध्ये ०.३, मुख्य पाइपमध्ये ०.२ आणि ड्रायर-फिल्टरमध्ये ०.४ बार घट मोजली गेली. बेरीज ६.४ बार होते. लोड आणि अनलोड दाबांमधील अंतर म्हणजे दाबपट्टा. त्याचे हे खालचे टोक झाले, म्हणजे लोड दाब, आणि वरचे टोक त्याहून ०.६ ते ०.७ बार वर ठेवावे. हिशेब नेहमी गरजेपासून सुरू करून कॉम्प्रेसरकडे न्यावा. उलट्या दिशेने केला की प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी भर ‘असू दे’ म्हणून टाकली जाते.

हिशेबात एखादी घट अवाजवी दिसली, तर ती आधी दूर करावी. तुंबलेला फिल्टर एलिमेंट एकटाच अर्धा बार खाऊ शकतो. दहा मीटर लांब ओढलेली ६ मिमीची पीयू ट्यूब, झिजलेला कपलर, अर्धवट उघडा राहिलेला बॉल व्हॉल्व्ह, एफआरएलच्या वाटीत साचलेले पाणी, ही नेहमीची कारणे आहेत. एका मशिनची ट्यूब ६ ऐवजी १० मिमीची केल्याने जे काम होते, त्यासाठी सगळ्या कारखान्याचा दाब वाढवणे ही सरळसरळ उधळपट्टी आहे.

उधळपट्टी दोन बाजूंनी होते. सात बारच्या आसपास दर १ बार वाढीव दाबासाठी यंत्राला साधारण ६ ते ७ टक्के जास्त वीज लागते. दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही: गळती आणि रेग्युलेटर नसलेले सगळे वापर वाढलेल्या दाबाच्या प्रमाणात जास्त हवा घेतात. बारीक छिद्रातून सुटणारी हवा निरपेक्ष दाबाच्या (गेजचा दाब अधिक वातावरणाचा १ बार) प्रमाणात असते. गेजवरचे ७ बार म्हणजे निरपेक्ष ८ बार, आणि ६ बार म्हणजे ७. एवढ्या एका बारच्या फरकाने गळती आठव्या हिश्शाने कमी होते. सात बारला ३ मिमीच्या छिद्रातून सेकंदाला सुमारे १० लिटर, म्हणजे मिनिटाला ०.६ घनमीटर मोकळी हवा निघून जाते. आपल्या ३.५ घनमीटरच्या यंत्राचा हा सहावा हिस्सा आहे, आणि त्यासाठी तीन-चार किलोवॉट अखंड खर्ची पडतात.

दाबपट्टा लावणे

काम सुरू करण्यापूर्वी दोन मर्यादा पाहून ठेवाव्यात. अनलोड दाब यंत्राच्या नामपट्टीवरील कमाल दाबाच्या वर कधीही लावू नये. तसे केल्यास मोटरवर जादा भार येतो आणि ओव्हरलोड रिले वारंवार पडू लागतो. सेफ्टी व्हॉल्व्हचे सील तोडून त्याचा स्क्रू फिरवणे तर कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. रिसीव्हर हे दाबपात्र आहे. कारखान्यांच्या सुरक्षेच्या कायद्यानुसार (कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये हे कलम ३१ होते) दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीचा सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची जबाबदारी कारखान्यावर आहे, आणि त्याची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते. सक्शन व्हॉल्व्ह, सोलेनॉइड किंवा प्रेशर स्विच उघडायचा असेल, तर मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे, यंत्र लाइनपासून वेगळे करावे आणि सेपरेटर टाकीचा गेज शून्यावर आल्याची खात्री करूनच पान्याला हात घालावा.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर लोड आणि अनलोड हे दोन आकडे स्वतंत्रपणे भरता येतात. जुन्या यंत्रांत आणि लहान पिस्टन कॉम्प्रेसरवर यांत्रिक प्रेशर स्विच असतो. त्यात साधारणपणे एक मोठी आणि एक लहान अशा दोन स्प्रिंग असतात. मोठी आवळली की कट-इन (सुरू होण्याचा दाब) आणि कट-आउट (थांबण्याचा दाब) दोन्ही वर सरकतात. लहान आवळली की त्या दोहोंमधील अंतर वाढते. म्हणून आधी मोठ्या स्प्रिंगने पट्टा जागेवर आणावा आणि मग लहान स्प्रिंगने अंतर नेमके करावे. स्विचवर छापलेल्या रेघांवर विसंबू नये. एका वेळी अर्धा फेरा फिरवावा, यंत्राची दोन-तीन आवर्तने होऊ द्यावीत आणि गेजवर प्रत्यक्ष कोणत्या दाबाला टकटक होते ते पाहावे.

दाब खाली आणायचा असेल तर एकदम आणू नये. एका वेळी ०.१ किंवा ०.२ बार उतरवून किमान एक पूर्ण पाळी जाऊ द्यावी आणि मशिनवरच्या कामगारांशी बोलावे. चक जॉ नीट धरतो का, टूल चेंजर अडखळतो का, न्यूमॅटिक सिलेंडरचा वेळ वाढला का, हे तेच सर्वांत आधी सांगू शकतात. जेथे पहिली खरी अडचण येईल, तेथे ती त्या मशिनजवळ सुटते का ते पाहून मगच पुढे जावे किंवा थांबावे.

सेन्सर कोठून दाब घेतो, हेही आवर्जून पाहावे. तो ड्रायरच्या आधी असेल, तर ड्रायर आणि फिल्टरची घट पट्ट्यात मिसळते. यंत्र लोड होताच हवेचा झोत ड्रायरमधून जाऊ लागतो, सेन्सरला घटीमुळे एकदम ०.३-०.४ बार जास्त दाब दिसतो, आणि ०.६ बारचा पट्टा प्रत्यक्षात ०.२-०.३ बारचाच उरतो. यंत्र सारखे लोड-अनलोड होत असेल आणि रिसीव्हर पुरेसा मोठा असेल, तर पहिला संशय येथे घ्यावा. कॉम्प्रेसर आणि ड्रायर यांच्यामध्येही एक रिसीव्हर ठेवणे, फिल्टर वेळेवर बदलणे, किंवा कंट्रोलरमध्ये सोय असल्यास सेन्सरची नळी पुढच्या रिसीव्हरवरून घेणे, हे त्यावरचे मार्ग आहेत. नळी पुढून घेतली तरी यंत्राच्या स्वतःच्या टाकीवरचे संरक्षण चालू राहिले पाहिजे, हे निर्मात्याकडून तपासून घ्यावे.

आवर्तनाचा काळ आणि रिसीव्हर

पट्टा लागल्यानंतर स्टॉपवॉच घेऊन यंत्रासमोर उभे राहावे. एका लोडपासून पुढच्या लोडपर्यंतचा काळ म्हणजे एक आवर्तन. वापर पुरवठ्याच्या बरोबर निम्मा असतो तेव्हा आवर्तने सर्वांत जलद होतात, म्हणून हिशेब त्याच स्थितीसाठी करतात. रिसीव्हरचे घनमीटर गुणिले पट्ट्याचे बार गुणिले चार, भागिले यंत्राचे घनमीटर प्रतिमिनिट, असे केले की आवर्तनाचा काळ मिनिटांत मिळतो. आपल्या यंत्रासाठी १ घनमीटरचा रिसीव्हर आणि ०.७ बारचा पट्टा धरला, तर १ गुणिले ०.७ गुणिले ४ म्हणजे २.८, त्याला ३.५ ने भागले की ०.८ मिनिट, अर्थात ४८ सेकंद येतात. त्यांपैकी २४ सेकंद लोड आणि २४ सेकंद अनलोड. ज्या यंत्राचा ब्लोडाउन पुरा व्हायला ४० सेकंद लागतात, ते या स्थितीत दिवसभर अनलोडच्या नावाखाली जवळजवळ लोडइतकीच वीज ओढत राहील, सक्शन व्हॉल्व्हच्या सीलची झीज होईल ती वेगळीच.

रिसीव्हर २ घनमीटरचा केला की हाच काळ ९६ सेकंदांचा होतो, आणि पट्टाही १ बारचा केला तर १३७ सेकंदांचा. मात्र पट्टा रुंद करण्याची किंमत सरासरी दाब वाढून मोजावी लागते, रिसीव्हर मोठा करण्याची किंमत एकदाच द्यावी लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की लोड-अनलोड यंत्राशेजारी लहान रिसीव्हर ठेवणे ही आपल्या कारखान्यांतील सर्वांत महागडी काटकसर आहे. नवा कॉम्प्रेसर घेताना भाव करताना रिसीव्हरच आधी कापला जातो, आणि तो निर्णय पुढे वर्षानुवर्षे बिलातून वसूल होत राहतो.

हेच स्टॉपवॉच गळतीही सांगते. सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी संपल्यावर सगळी मशिन बंद ठेवून, लाइन मात्र दाबाखाली ठेवून, लोड आणि अनलोडचे काळ चार-पाच आवर्तनांसाठी टिपावेत. लोडचा काळ भागिले एकूण काळ, गुणिले यंत्राची क्षमता, म्हणजे गळती. लोड ४० सेकंद आणि अनलोड १६० सेकंद आले, तर यंत्र पाचवा हिस्सा वेळ केवळ गळती भरते आहे, म्हणजे मिनिटाला ०.७ घनमीटर हवा वाया जाते.

मोटर थांबवणारा टायमर

वापर बराच वेळ कमी राहणार असेल, तर अनलोडमध्ये फिरत राहण्यापेक्षा मोटर बंद होणे चांगले. त्यासाठी कंट्रोलरमध्ये अनलोड किती मिनिटे चालल्यावर मोटर थांबवायची, हा काळ असतो. तो कमी करण्याचा मोह होतो, पण प्रत्येक वेळी मोटर सुरू होताना वाइंडिंग तापते, आणि या आकाराच्या मोटरला तासाला मोजक्याच वेळा सुरू होण्याची मुभा असते. ती संख्या निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावी आणि त्यातूनच टायमर ठरवावा. तासाला सहा वेळा मुभा असेल, तर दोन सुरुवातींमध्ये सरासरी दहा मिनिटे जायला हवीत. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद पडते का, ते एकदा पाहावे. अर्ध्या तासाच्या सुट्टीतही ते अनलोडमध्ये घरघरत राहत असेल, तर टायमर जास्त आहे किंवा गळती त्याला थांबू देत नाही.

इतर पद्धती कोठे बसतात

काही यंत्रांत सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद न राहता दाबानुसार हळूहळू मिटत जातो. याला मॉड्युलेशन म्हणतात. दाब अगदी स्थिर राहतो, लहान रिसीव्हरवरही भागते, पण वीज फारशी वाचत नाही. सक्शनमध्येच अडथळा आणल्याने रोटरच्या तोंडाशी दाब वातावरणाच्याही खाली जातो आणि तेथून सात बारपर्यंत चढवण्याचे गुणोत्तर वाढते. निम्मी हवा देताना असे यंत्र सुमारे ८५ टक्के वीज घेते, तर पुरेसा रिसीव्हर असलेले लोड-अनलोड यंत्र तेच काम ६५ टक्क्यांच्या आसपास करते. कंट्रोलरमध्ये दोन्हींपैकी निवड करता येत असेल आणि रिसीव्हर चांगला असेल, तर मॉड्युलेशन बंद ठेवावे.

व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह) यंत्र मोटरचा वेगच कमी-जास्त करते. दाब ठरलेल्या आकड्याभोवती ०.१-०.२ बारच्या आत राहतो, म्हणून लोड दाब जेथे होता त्याच्या किंचित वर लक्ष्य दाब लावता येतो आणि वरचे अर्धा बार वाचते. निम्म्या हवेला वीज निम्म्याच्या थोडीच वर लागते. पण वेग एका मर्यादेखाली नेता येत नाही, कारण रोटरच्या फटींतून मागे झिरपणाऱ्या हवेचा वाटा कमी वेगाला वाढत जातो. त्या मर्यादेखाली हे यंत्रही अनलोड होते किंवा थांबते. म्हणून गरजेपेक्षा फार मोठे व्हीएफडी यंत्र घेणे चुकीचे, आणि जेथे वापर अखंड पूर्ण क्षमतेचा आहे तेथे व्हीएफडी घेणेही चुकीचेच, कारण तेथे ड्राइव्हमध्ये जाणारे दोन-चार टक्के निव्वळ तोट्याचे असतात. इचलकरंजीसारख्या ठिकाणी एअरजेट लूम (हवेच्या झोताने धागा सरकवणारे माग) रात्रंदिवस एकसारखी हवा घेतात. तेथे पायाभूत भार ठरावीक वेगाच्या यंत्रांवर ठेवून वरचा चढउतार तेवढा एका व्हीएफडीवर सोपवणे सयुक्तिक ठरते.

असे जोडताना दोन यंत्रांचे आकडे एकमेकांत बसले पाहिजेत. ठरावीक वेगाचे यंत्र ६.३ ला लोड आणि ७.० ला अनलोड होत असेल, तर व्हीएफडीचे लक्ष्य त्या पट्ट्याच्या आत, ६.६ च्या आसपास ठेवावे. लक्ष्य पट्ट्याच्या बाहेर गेले की दोन यंत्रे एकमेकांशी भांडत राहतात: एक पळते, दुसरे रिकामे फिरते. शिवाय व्हीएफडीच्या किमान आणि कमाल पुरवठ्यातील फरक ठरावीक यंत्राच्या क्षमतेपेक्षा जास्त असावा. व्हीएफडी १ ते ४ घनमीटर देणारे आणि ठरावीक यंत्र ३.५ चे असेल, तर एकटे व्हीएफडी ४ पर्यंतच पोहोचते आणि दोन्ही मिळून ४.५ च्या खाली येऊ शकत नाहीत. वापर ४.२ झाला की मधल्या पोकळीत सापडून ठरावीक यंत्र सतत लोड-अनलोड होत राहते, आणि कोणत्याही सेटिंगने ते थांबत नाही.

सगळी यंत्रे ठरावीक वेगाची असतील आणि प्रत्येकाला स्वतःचा कंट्रोलर असेल, तर त्यांचे पट्टे पायरीपायरीने लावावे लागतात, पहिले ६.७ ते ७.३, दुसरे ६.४ ते ७.०, असे. दोन यंत्रांपर्यंत हे ठीक चालते. तीन-चार झाली की पायऱ्यांमुळेच सरासरी दाब एक बारने वर जातो, आणि तेव्हा सर्वांना एकाच पट्ट्यावर चालवणारा मध्यवर्ती कंट्रोलर घेणे योग्य.

बिघाड कोठे शोधावा

सेटिंग बरोबर असूनही यंत्र वागत नसेल, तर क्रम साधा आहे. लोडचा संकेत मिळूनही दाब चढत नसेल, तर सोलेनॉइडला वीज पोहोचते का, त्याच्या बारीक नळीत पाणी किंवा तेलाचा चिकटा अडकला आहे का, आणि सक्शन व्हॉल्व्हची प्लेट मोकळी हलते का, हे याच क्रमाने पाहावे. अनलोडनंतरही दाब चढत राहून सेफ्टी व्हॉल्व्ह उडत असेल, तर यंत्र लगेच थांबवावे. सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसण्याची शक्यता मोठी असते. अनलोडमध्ये लाइनचा दाब वापर नसताना भराभर उतरत असेल आणि ब्लोडाउनचा आवाज थांबतच नसेल, तर मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह गळतो आहे आणि रिसीव्हरची हवा मागे निघून जाते आहे.

पावसाळ्यातील काळजी

कोकणात, महाड-लोटेच्या पट्ट्यात, पावसाळ्यात या सगळ्याला आणखी एक अट जोडावी लागते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर ती सात बारपर्यंत दाबल्यावर तिच्यातील बाष्प सुमारे ७० अंशांनाच पाणी होऊ लागते. कमी भाराने, थोडा वेळ लोड आणि बराच वेळ अनलोड असे चालणारे यंत्र तेवढे तापतच नाही, आणि ते पाणी सेपरेटर टाकीतील तेलात साठत जाते. तेल दुधाळ दिसू लागले, तर बेअरिंगचे आयुष्य धोक्यात आहे असे समजावे. अशा दिवसांत पॅनेलवरचे डिस्चार्ज तापमान लोड असताना ७५ ते ९५ अंशांच्या दरम्यान राहते का, ते रोज पाहावे, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (तापमानानुसार तेल कूलरकडे वळवणारा) उघडाच अडकलेला नाही ना याची खात्री करावी, आणि दोन यंत्रे अर्धवट चालवण्याऐवजी एक पूर्ण भाराने चालवून दुसरे बंद ठेवावे. रात्रभर थांबलेले यंत्र सकाळी सुरू करण्यापूर्वी, टाकीत दाब नाही हे पाहून, तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह हळूच किंचित उघडावा. आधी पाणी येते, आणि तेलाची धार लागताच व्हॉल्व्ह बंद करावा.